परदेशी जाणारे कागद

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. या व्यासपीठावरून डॉक्टरीणबाई, वकीलबाई, प्राध्यापिका बोलून गेल्या. मी तीस वर्षे एका शाळेच्या कचेरीत दाखले लिहिले, एवढाच काय तो माझा अधिकार. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "गेल्या वर्षभरात पिशवीत कागद घालून तुमच्या दारी किती जणी आल्या ते मोजा, आणि मग नाही म्हणा." मी मोजले. अकरा भरल्या. कुणाची लेक कॅनडात शिकावयास निघालेली, कुणाची सून दुबईला नवऱ्याकडे जावयाची, कुणाचा दीर अमेरिकेत आणि घर इथे पुण्यात दोघांच्या नावावर. तेव्हा आज जे सांगावयाचे ते या अकरा जणींना सांगितले तेच, फक्त एकदाच आणि सर्वांसमक्ष.

हे ज्ञान मला पुस्तकातून आलेले नाही. २०२१ साली माझे धाकटे दीर कुवेतमध्ये नोकरीवर असताना वारले. मागे जाऊबाई, दोन शाळकरी मुले आणि आमच्या सासूबाई. कंपनीकडे त्यांची नोकरीअखेरची रक्कम जमा होती. देण्यास कंपनीची ना नव्हती. तिने फक्त कागद मागितले: लग्नाचा दाखला, वारस दाखला आणि तिथल्या एका परिचिताच्या नावे मुखत्यारपत्र. मला वाटले, तीन कागद, पंधरा दिवसांचे काम. पंधरा दिवसांचे दहा महिने झाले, आणि त्यातले निम्मे महिने आमच्याच अज्ञानाने गेले.

पहिला प्रश्न आपल्या मनात येतो तो हा की, सरकारी शिक्क्याचा दाखला असताना त्यावर आणखी शिक्के कशाला? याचे उत्तर मला लग्न जुळवण्याच्या रीतीवरून सुचले. पूर्वी दूरच्या गावचे स्थळ आले की आपण काय करीत होतो? मुलाला आपण ओळखत नाही, पण त्याच्या गावच्या मास्तरांना ओळखणारे कोणी आपल्या मामांच्या ओळखीचे असते. मास्तर मुलाची खात्री देतात, ते गृहस्थ मास्तरांची, आणि मामा त्या गृहस्थांची. कागदाचेही असेच आहे. कुवेतमधल्या अधिकाऱ्याला आपल्या नगरपालिकेतल्या निबंधकाची सही कशी ओळखू येणार? म्हणून नोटरीची वा निबंधकाची सही राज्य सरकार ओळखते, राज्याच्या अधिकाऱ्याची सही दिल्लीचे परराष्ट्र मंत्रालय ओळखते, मंत्रालयाची सही त्या देशाची इथली वकिलात ओळखते, आणि वकिलातीची सही तिकडचे सरकार. प्रत्येकाजवळ आदल्याच्या सहीचा नमुना असतो. मधला एक मामा गळाला की स्थळ मोडले!

नोटरी हा या साखळीतला पहिला गृहस्थ. १९५२ च्या नोटरी कायद्याने सरकार अनुभवी वकिलांना हे काम देते. आपण त्यांच्यासमोर सही करावयाची, त्यांनी ओळख पटवून घ्यावयाची, आपल्या नोंदवहीत नोंद करावयाची, त्या नोंदीचा क्रमांक कागदावर घालावयाचा, आणि मग सही-शिक्का. त्यांचे व्यवसायाचे प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते, मग त्याचे नूतनीकरण करावे लागते. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण आमची पहिली ठेच इथेच लागली. न्यायालयाबाहेर टेबल मांडून बसलेल्या एका गृहस्थांनी आमचे मुखत्यारपत्र दहा मिनिटांत करून दिले. वही काढली नाही, सासूबाई कुठे आहेत हेही विचारले नाही. आम्ही घरूनच त्यांची सही घेऊन गेलो होतो आणि मनात म्हटले, बरे झाले, म्हातारीची दगदग वाचली. पुढे कागद मुंबईस मंत्रालयात गेला आणि परत आला. त्या गृहस्थांच्या प्रमाणपत्राची मुदत केव्हाच उलटली होती. चूक त्यांची खरीच, पण शिक्क्यावरची तारीख वाचावयास मला कोणी मनाई केली नव्हती. जन्मभर दुसऱ्यांचे दाखले तपासणारी मी!

दुसरी ठेच तर ऐकून हसाल. जाऊबाईंनी लग्नाचा दाखला फाटू नये म्हणून प्लास्टिकमध्ये पक्का बंद करून आणला होता, ज्याला लॅमिनेशन म्हणतात ते. किती जपून ठेवला होता बिचारीने! पण प्लास्टिकवर सही उठत नाही, शिक्का बसत नाही, आणि खालचा शिक्का खरा की छापलेला हेही पाहता येत नाही. दाखला घेण्यास नकार मिळाला. नवीन प्रत काढण्यासाठी पुन्हा नगरपालिका, पुन्हा अर्ज. तेव्हापासून कुणाच्या घरी गेले की मी आधी विचारते, मुलांचे दाखले साधे ठेवलेत ना?

तिसरी अडचण मात्र हसण्यासारखी नाही, आणि ती आपणा बायकांचीच आहे. जाऊबाईंचे शाळेच्या दाखल्यावर नाव माहेरचे. लग्नात दिरांनी तांदळात जे नाव लिहिले ते निराळे. लग्नाच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरे, आणि दिरांनी नोकरीस लागताना कंपनीच्या फॉर्मवर पत्नीचे म्हणून जे नाव भरले होते ते तिसरेच, घरात हाक मारावयाचे. आपल्याकडे यात कुणाला काही वावगे वाटत नाही. पण परदेशातला कारकून तीन नावे पाहतो आणि त्याला तीन बायका दिसतात. ज्या बाईने त्या माणसाबरोबर सोळा वर्षे संसार केला, तिला आपण तीच असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागले. ते नोटरीपुढे करून त्याच साखळीतून पाठवावे लागले. सही करताना ती मला म्हणाली, "वहिनी, यातली मी कोणती?" मला उत्तर देता आले नाही. ज्यांच्या मुलींची लग्ने व्हावयाची आहेत त्यांनी नाव बदलावे की बदलू नये हे मी सांगणार नाही. पण बदललेच तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावे आणि पासपोर्ट, बँक, आधार सगळीकडे एकच अक्षरे पडतील असे पाहावे. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा.

दुसऱ्या खेपेस आम्ही सासूबाईंना घेऊन नोटरीकडे गेलो. आई ही मुलाची वारस आहे, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पत्नी आणि मुलांच्याच वर्गात ती बसते. तिला वगळून चालत नाही. वारस दाखला आम्ही दिवाणी न्यायालयातून काढला होता. आपल्याकडे हा दाखला अजून १८२७ सालच्या मुंबई रेग्युलेशनप्रमाणे मिळतो, हे ऐकून मला नवल वाटले होते. सासूबाईंचा हात कापतो. त्या सही करीत, पण एक सही दुसरीसारखी येईना. या खेपेचे नोटरी चांगले होते, वयाने मोठे. ते म्हणाले, "आजी, सही राहू द्या, अंगठा द्या, अंगठा कापत नाही." त्यांनी मजकूर मराठीत वाचून दाखविला, समजला का विचारले आणि वहीत अंगठा घेतला. सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "शाळा शिकले आणि शेवटी अंगठाच." पण तो अंगठा कुवेतपर्यंत पोहोचला, आणि पैसेही आले. मोठीचे अकरावीचे शुल्क त्यातून भरले.

आता ज्यांचे देश हेग कराराखाली येतात त्यांना एवढा फेरा नाही. ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे हा करार झाला. त्यात देशांनी ठरविले की सगळे मामा एकापाठोपाठ उभे करण्याऐवजी कागद जिथला, त्या देशाच्या नेमलेल्या खात्याने एकच प्रमाणपत्र जोडावे आणि बाकीच्यांनी ते मानावे. त्या प्रमाणपत्रास अपोस्टिल म्हणतात. ते चौकोनी असते, बाजू निदान नऊ सेंटिमीटरची, आत दहा क्रमांकित रकाने, आणि वर मथळा फ्रेंच भाषेत; कागद सांगलीचा असला तरी मथळा फ्रेंचच. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. आपल्याकडे अपोस्टिल परराष्ट्र मंत्रालय देते. त्याआधी राज्याचा शिक्का लागतोच: जन्म, लग्न, प्रतिज्ञापत्र यांना गृह वा सामान्य प्रशासन विभागाचा, शाळा-कॉलेजच्या कागदांना शिक्षण खात्याचा. आता हे काम मुंबईतही होते, २०१९ पासून; दिल्लीस जावयास नको. मंत्रालय कागद थेट आपल्या हातून घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फत घेते.

अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया पूर्वीपासून करारात आहेत. सौदी अरेबियात तो २०२२ च्या डिसेंबरात लागू झाला, चीनमध्ये २०२३ च्या नोव्हेंबरात, कॅनडात ११ जानेवारी २०२४ ला. म्हणून कॅनडाला चार वर्षांपूर्वी गेलेल्या शेजारणीचा सल्ला आज जसाच्या तसा उपयोगी नाही. या भाषणासाठी मी यादी पाहिली तेव्हा कुवेत, कतार आणि संयुक्त अरब अमिरात तीत नव्हते; तिथे वकिलातीचा जुनाच मार्ग. भारताच्या प्रवेशास जर्मनीने हरकत घेतली होती, तेव्हा तिकडचे काम असेल तर आधी त्यांच्या वकिलातीस विचारावे. आणि एक समजून घ्यावे. अपोस्टिल म्हणजे आतला मजकूर खरा असल्याची ग्वाही नव्हे. सही त्याच अधिकाऱ्याची आणि शिक्का त्याच कचेरीचा, एवढेच ते सांगते. दाखल्यात जन्मतारीख चुकली असेल तर ती चूक फ्रेंच मथळ्यासकट परदेशी जाईल.

काहींचा प्रश्न उलटा असतो: कागद तिकडून इकडे. अमेरिकेतल्या दिरांनी घराच्या विक्रीसाठी मुखत्यारपत्र पाठवावयाचे तर तिथल्या नोटरीपुढे करून तिथले अपोस्टिल लावून घ्यावे, किंवा भारतीय वकिलातीत जाऊन करावे. आपल्या वकिलातीतील अधिकाऱ्यांना १९४८ च्या कायद्याने नोटरीचे काम करता येते. कागद इथे पोहोचला म्हणजे कपाटात ठेवू नका. महाराष्ट्राच्या १९५८ च्या मुद्रांक कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. कागद कधी आला हे दाखवावयास ज्या पाकिटातून आला ते पाकीट जपून ठेवावे. आपण पाकीट आधी केरात टाकतो आणि कागदाला नमस्कार करतो!

दलालांविषयी विचारणार हे मला ठाऊक आहे. सगळेच वाईट असे मी म्हणणार नाही. ज्यांना मुंबईस खेपा घालणे शक्य नाही त्यांना मदत लागतेच. पण अपोस्टिलचे सरकारी शुल्क कागदामागे पन्नास रुपये आणि त्यावर नेमलेल्या संस्थेचे सेवाशुल्क, एवढे माहीत असले म्हणजे समोरचा आठ हजार का मागतो हे विचारता येते. "आतून करून देतो" म्हणणाऱ्याला मूळ कागद देऊ नयेत. देणे भागच पडले तर आधी झेरॉक्स काढावी आणि पोच घ्यावी. मिळालेल्या अपोस्टिलवर क्रमांक असतो, तो मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतो. ते काम तुमचा नातू दोन मिनिटांत करील.

अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे पाहिले आहे. तेव्हा एवढेच सांगते की, दर गुरुवारी दुपारी चार ते सहा मी मंडळाच्या वाचनालयात बसते. कागद असतील ते आणावेत, नावे जुळतात का ते दोघी मिळून पाहू. प्लास्टिकमध्ये घालून मात्र आणू नयेत.