लागोसच्या रस्त्यावरचं सफरचंद



नायजेरियातल्या लागोस शहरात वाहनांची कोंडी झाली, की डोक्यावर परात घेतलेल्या बायका गाड्यांच्या मधून वाट काढत फिरू लागतात. पाण्याच्या पिशव्या, शेंगदाणे, आणि बऱ्याच परातींत सफरचंदं. लागोसच्या उकाड्यात सफरचंद पिकत नाही. त्यातलं बरंचसं येतं दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतातून, केप टाउनच्या बंदरातून जहाजानं. गाडीच्या खिडकीतून हात बाहेर येतो, एक सफरचंद घेतलं जातं. ह्या एका नगाच्या विक्रीवर आयातीचा मोठा व्यापार उभा आहे.

तो व्यापार कसा बेतलेला आहे, हे पेटीत डोकावलं की कळतं. सफरचंदाचा आकार मोजतात तो पेटीत किती फळं बसतात त्यावरून. सुमारे अठरा किलोच्या पेटीत शंभर फळं बसली तर फळ मोठं, दीडशेच्या वर बसली तर लहान. पश्चिम आफ्रिकेकडे जातो तो बराचसा लहान माल, गोल्डन डिलिशस किंवा रॉयल गाला जातीचा. ह्यात कुणी कुणाला कमी प्रतीचं देतंय असं नाही. किलोभर फळं एकदम घेण्याइतके पैसे बहुतेक गिऱ्हाइकांच्या खिशात नसतात, पण एक फळ परवडतं. पेटीत जितके नग जास्त, तितकी परातवालीला भाव जमवायला जागा जास्त. बागेतल्या मालाची प्रतवारी अशी रस्त्यावरची बाई ठरवते.

झाडावरून उतरलेलं फळ श्वास घेतच असतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा श्वास दुपटी-तिपटीनं जलद होतो आणि फळ तितक्याच लवकर म्हातारं होतं. केपमधली तोडणी मुख्यतः फेब्रुवारी ते मे. पण शून्य अंशाच्या आसपास, प्राणवायू एक-दोन टक्क्यांवर उतरवलेल्या बंद शीतगृहात सफरचंद महिनोन्महिने टिकतं. म्हणून लागोसला ते जवळजवळ वर्षभर मिळतं. पुढचा प्रवास रीफर कंटेनरचा. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना ह्या थंड डब्याची ओळख मी करून द्यायला नको, त्यांचा माल न्हावाशेवाहून रॉटरडॅमला त्यातूनच जातो.

समुद्रावर फळ सहसा बिघडत नाही. घोर लागतो तो किनाऱ्याला लागल्यावर. लागोसच्या बंदराची कोंडी जुनी आहे. १९७५ साली सिमेंटनं भरलेली शेकडो जहाजं तिथं नांगर टाकून खोळंबली होती, आणि ती कोंडी फोडायला १९७७ मध्ये शहरात टिन कॅन आयलंडचं बंदर सुरू झालं. पुढं गर्दी पाण्यावरून रस्त्यावर आली. लागोसच्याच आपापा बंदराच्या रस्त्यांवर ट्रक कित्येक दिवस अडकून पडत. ट्रकना वेळ नेमून देणारी ‘एटो’ ही व्यवस्था २०२१ मध्ये आली, लेक्कीचं नवं खोल बंदर २०२३ मध्ये. अडकलेल्या ट्रकवरच्या रीफरला जनरेटर लागतो, जनरेटरला डिझेल. डिझेल संपलं की आतलं फळ आपल्या चालीनं पिकायला लागतं. आणि थंड पेटी दमट हवेत उघडली की फळावर पाणी सुटतं, बुरशीला आयतं निमित्त मिळतं. वरून तुकतुकीत दिसणारं सफरचंद आत पिठूळ झालेलं असतं, ते कळतं गिऱ्हाइकानं दात लावल्यावर.

ह्या सगळ्यावर चलनाचा भार. माल डॉलरमध्ये घ्यायचा, विकायचा नायरामध्ये. जून २०२३ मध्ये सरकारी दराची बंधनं सैल झाली तेव्हा एका डॉलरला साधारण ४७० नायरा पडत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये दीड हजारांच्या वर. केपमधून माल निघाला तेव्हाचा हिशेब तो लागोसला विकला जाईपर्यंत टिकत नाही. आयातदार भाव वाढवतो, घाऊकवाला वाढवतो. परातवालीच्या हातात मात्र तेवढं नसतं, कारण खिडकीतून बाहेर येणाऱ्या हातात नोट तीच असते. मग परातवाली पेट्या कमी उचलते. विकलं न गेलेलं फळ तर तिच्याच घरी जातं. तिच्याकडे ना शीतगृह, ना विमा. ह्या साखळीत सर्वांत कमी भांडवल तिचं आणि सडण्याचा शेवटचा तोटाही तिचाच, हे मला फार लागतं.

मग आयातच बंद करा, असं म्हणणारे असतात. छोट्या पॅकमधल्या फळांच्या रसाच्या आयातीवर नायजेरियात बंदी आहेच. पण सफरचंद अडवल्यानं देशी फळ वाचेल, हे मला पटत नाही. बेन्वे राज्यात संत्री, आंबे अमाप होतात. ते शेकडो किलोमीटर दूर लागोसला येतात ते उघड्या ट्रकमधून, उन्हात, खड्ड्यांवरून, आणि वाटेतच पुष्कळ माल जातो. त्यांचा घात सफरचंदानं केलेला नाही. परदेशी फळाला बागेपासून बंदरापर्यंत गारवा मिळतो, देशी फळाला शेताच्या बांधावरही मिळत नाही.

हा गारवा बाजारापर्यंत आणण्याचं काम सुरू झालेलं आहे. न्नाएमेका इकेग्वुओनु ह्यांनी ओवेरी शहरातून सुरू केलेल्या ‘कोल्डहब्स’नं बाजारांत सौरऊर्जेवर चालणाऱ्या थंड खोल्या उभ्या केल्या. विक्रेता आपला माल क्रेटमध्ये ठेवतो आणि दर क्रेटमागे दिवसाचं भाडं देतो. सुरुवातीला ते शंभर नायरा होतं. खोली विकत घ्यायची नाही, जनरेटर ठेवायचा नाही. सफरचंदवालीला अशीच खोली हवी, संत्रीवालीलाही. लागोसच्या बंदरातून आजही बरेच कंटेनर रिकामे परत जातात. बेन्वेचा आंबा त्यांत भरायचा, तर आधी फळमाशीचा बंदोबस्त, परदेशी तपासणीत टिकणारी प्रमाणपत्रं आणि शेताजवळ पहिली थंड खोली लागेल. सुरुवात त्या खोलीपासून करावी, कारण परदेशी बाजार मिळायला वेळ लागला तरी लागोसला जाणारा आंबा तिच्यामुळे लगेच वाचायला लागेल.