रेषा सरळ, प्रवासी वाटेतच
(रत्नागिरी येथील भाषणातून)

मधु दंडवते व जॉर्ज फर्नांडिस यांच्या आग्रहातून 1990 साली कोकण रेल्वे महामंडळ उभे राहिले. श्रीधरन यांच्या अभियंत्यांनी पानवल नदीवर 64 मीटर उंचीचा पूल उभारला. पराक्रमच तो! परंतु रूळ शहरात शिरले नाहीत. स्थानक कुवारबावकडे राहिले. पहाटे उतरलेल्या कोळणीने टोपली घेऊन मिरकरवाड्याला कसे जावे?

पुढे याच महामंडळाने शहरांसाठी अधांतरी धावणारी 'स्कायबस' आखली. 2004 साली मडगावच्या चाचणीत अपघात होऊन एक कर्मचारी दगावला, योजना बारगळली. कोळणीला आकाशातली बस नकोच होती. प्रत्येक गाडीला जोडून एस.टी. हवी, आणि आराखडा ठरवताना वाहक व रिक्षाचालक अभियंत्यांच्या शेजारी बसलेले हवेत.