मूठभर पिठावर उभी राहिलेली शाळा

भाकरी थापताना ऐकत असाल तर ऐका, हात थांबवायची गरज नाही.

मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या सहाजणी बँकेच्या कामाला साताऱ्याला गेलो होतो. काम लवकर उरकलं, म्हणून धनिणीच्या बागेकडं गेलो. कर्मवीर भाऊराव पाटलांचं शाहू बोर्डिंग म्हणजे तेच. सगळ्या इमारती बघत होत्या. आमच्यातली एक आजी मात्र म्हणाली, "इमारत राहू दे गं. एवढ्या पोरांचा सैपाक कुठं व्हायचा, ते सांग." म्हणून आज चुलीकडूनच सांगते.

सुरुवात साताऱ्यात नाही, सांगलीकडं झाली. मिरज तालुक्यात वारणाकाठी दुधगाव आहे. १९१० च्या सुमारास भाऊराव आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथं गरीब मुलांसाठी वसतिगृह काढलं. पैसा कुठून आणायचा? मग मुष्टिफंड निघाला. घरच्या बाईनं रोज मूठभर धान्य बाजूला काढायचं, ते बोर्डिंगला जायचं. आपण बचत गटात दर महिन्याला शंभर रुपये टाकतो ना, तसंच. फरक एवढाच, की त्या बायांची नावं कुठल्या वहीत दिसत नाहीत.

पुढं ४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली, आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळी पोरं एका पंगतीत. आज हे ऐकायला सोपं वाटतं. पण तेव्हा पाणवठे वेगळे होते, बायांनो. २५ फेब्रुवारी १९२७ ला गांधीजी आले आणि बोर्डिंगाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

आता लक्ष्मीबाई. भाऊरावांच्या पत्नी, माहेर कुंभोजचं. सोवळं पाळणाऱ्या घरातली ही बाई. तिनं या सगळ्या जातींच्या पोरांना आपल्या हातानं जेवू घातलं. मला विचाराल तर भाषण करण्यापेक्षा हे अवघड. घरात बसलेली रीत मोडायला किती दिवस जातात, ते आपल्याला ठाऊक आहे. अंगावरचे दागिने एकेक करून गेले. एकदा भाऊराव बाहेरगावी आणि कोठीत दाणा नाही, तेव्हा तिनं गळ्यातलं मंगळसूत्रसुद्धा दिलं आणि पोरं जेवली. १९३० साली ती गेली. संस्थेचा वटवृक्ष पुढं किती पसरला, ते तिनं पाहिलं नाही.

१९४० ला साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. फी नाही. शेतात, बांधकामावर राबायचं आणि शिकायचं. कमवा आणि शिका म्हणतात ते हेच. १९४७ ला शिवाजी कॉलेज झालं. सांगलीकडच्या कवठेपिरानचे पी. जी. पाटील याच बोर्डिंगात वाढले. विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन शिवाजी कॉलेजचे प्राचार्य आणि पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गंमत बघा, त्याच विलायतेत त्या काळी अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन पोरांची वाटणी करायचे. हुशार एका शाळेत, बाकीचे दुसरीकडं. सगळ्यांना एकाच शाळेत घ्या, असं तिथल्या सरकारनं सांगितलं १९६५ साली! आपल्या साताऱ्यात पंगत त्याच्या चाळीस वर्षं आधी बसली होती.

एक गोष्ट मात्र मला टोचते. धान्य बायांचं, सोनं बाईचं, आणि त्या पंगतीत बसले ते मुलगे. बायकांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय संस्थेनं साताऱ्यात काढलं, पण ते नंतर. माझी आई तीन इयत्ता शिकली आणि मामा बोर्डिंगात गेला. त्याला सुट्टीवरून परत जाताना पिठाची पिशवी लागायची. ते पीठ माझी आई जात्यावर दळायची.

तुमच्याकडं कुणी बोर्डिंगात राहिलेलं असेल, सासरा, चुलता, आजोबा, तर त्यांना विचारा, पीठ कोण दळून द्यायचं. नाव लिहून घ्या आणि रेडिओवर कळवा. पुढच्या गुरुवारी ती नावं मी वाचून दाखवणार आहे. पहिलं माझ्या आईचं.