गोविंदा आणि भांडवल
(चौल येथील व्याख्यान)

२००८ साली पुण्यात भरलेल्या आशिया-प्रशांत 'रोबोकॉन' या विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव स्पर्धेचा विषय दहीहंडी होता. बाजी मारली मात्र चीनच्या शिआन जियाओतोंग विद्यापीठाने. २०१४ साली पुण्यातच व्हिएतनामचे लाक हाँग विद्यापीठ जिंकले.

साधे, वेगवान यंत्र उतरवावे की सर्व कामे करणारे गुंतागुंतीचे, ही निवड निव्वळ बुद्धीची नसते. ज्याच्यापाशी सुटे भाग मुबलक, त्याला दहादा चुकता येते. ज्याची मोटर एकच, तो सावध डाव खेळतो. डावपेच असे भांडवलाने ठरतात.

चौलच्या वाडीतील मुलाला पोफळीवर चढण्याचे तंत्र घरीच दिसते. तालुक्याला एक सार्वजनिक कार्यशाळा आणि चुकण्यापुरते सुटे भाग मिळाले, तरच समान संधी या शब्दांना काही अर्थ उरेल.