यादीतला गोंदिया आणि घरातला गोंदिया



नव्या गावी बदली झाली की माणसाला दोन गोष्टी लगेच मिळतात. एक भाड्याच्या खोलीचा पत्ता आणि दुसरी खाण्याच्या ठिकाणांची यादी. खोली मनासारखी असो वा नसो, यादी मात्र जो तो हौसेने देतो. ‘पोहे इथलेच खा, रस्सा तिथलाच खा, अमुक खाल्ल्याशिवाय गोंदिया सोडू नका.’ पाहुण्यांना सांगण्यासाठी मीही अशा चार-पाच याद्या गोळा केल्या. दुसऱ्याला सांगण्यापूर्वी आपण खाल्लेले बरे, म्हणून एकेक पदार्थ निवांतपणे खाऊन पाहिला. दुकानांची नावे सांगत नाही; त्यावरून घराघरांत मतभेद आहेत आणि ते तसेच राहावेत. पदार्थ मात्र सगळ्या याद्यांत जवळपास सारखेच आहेत.

यादीत पहिला मान तर्री-पोह्यांचा. वाफाळते पोहे, वर हरभऱ्याची लालभडक तर्री आणि चिरलेला कांदा. मग आलुबोंडा. पुण्या-मुंबईकडे त्याला बटाटेवडा म्हणतात, पण आमच्याकडे तो रश्शात बुडाल्याशिवाय पुरता शिजला असे कोणी मानत नाही. त्यानंतर समोसा-कचोरी, संध्याकाळची गरम जिलबी, पातोडीचा रस्सा, सावजी मटण, आणि घरच्यांना घेऊन बाहेर जेवायचे असेल तर पनीरची भाजी, तंदुरी रोटी आणि जिरा राइस. हे सगळे मी खाल्ले आणि बहुतेक आवडले. तक्रार नाही, एक प्रश्न आहे. यात गोंदिया कुठे आहे?

तर्री-पोहे नागपूरचे. सावजी रस्सा नागपुरातल्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आलेला. पातोडी सगळ्या विदर्भाची. कचोरी-जिलबी व्यापाऱ्यांबरोबर आली आणि पनीर-रोटी उत्तरेकडून. यात नवल नाही. गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरचे जंक्शन. इथून एक लाइन बालाघाटमार्गे जबलपूरकडे जाते, दुसरी नागभीडमार्गे चंद्रपूरकडे. धान आणि विडीच्या व्यापाराने गावाला पैसा दिला आणि व्यापारासाठी आलेल्या माणसांनी आपापली चव सोबत आणली. जंक्शनच्या गावात हॉटेल निघते ते गाडीतून उतरणाऱ्यासाठी. गावातला माणूस तेव्हा घरीच जेवत होता.

आता भाताचे पाहा. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानाचा. पश्चिम विदर्भात ज्वारीची भाकरी, तर आमच्या झाडीपट्टीत दोन्ही वेळ भात. तांदळाच्या गिरण्यांचे भोंगे ऐकत वाढलेले हे गाव. आणि यादीतल्या बड्या हॉटेलात भात कोणता? उत्तरेकडून पोत्यात बंद होऊन आलेला बासमती, तोही जेवणाच्या शेवटी, दोन पळ्या.

साध्या भोजनालयात मात्र आपलाच तांदूळ असतो, बहुधा एचएमटी. हे नाव घड्याळाच्या कंपनीचे असले तरी वाण आपल्या मातीतला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी, जेमतेम दीड एकराचे धनी असलेल्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीतल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे पेरून तो तयार केला. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले. त्यांचा तांदूळ देशात दूरवर पोचला, पण ‘दादाजींचा एचएमटी’ असे लिहिलेले मेन्यू कार्ड मी अजून पाहिलेले नाही. चिन्नोरचेही तसेच. शिजताना वास घरभर पसरवणारा हा तांदूळ. आमच्या शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गोंदियाच्या हॉटेलात तो मागितला तर वेटर आधी आपल्याकडे आणि मग मालकाकडे पाहतो.

म्हणून मी दुसरी यादी करायला घेतली. ही घराघरांतली यादी, ऋतूप्रमाणे बदलणारी. पावसाळा लागला की तरोट्याची कोवळी भाजी. मग बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते. बारीक चिरून, पाण्यात ठेवून, कडूपणा काढून केलेले. श्रावणाच्या आसपास रानात उगवणाऱ्या सात्या, म्हणजे अळिंबी; त्यांची भाजी खाणारा त्या दिवशी मटणाची आठवण काढत नाही. कोचईच्या पानांच्या वड्या. अळूला आम्ही कोचई म्हणतो आणि सीमेपलीकडे छत्तीसगडातही तोच शब्द चालतो. तव्यावर घातलेले तांदळाच्या पिठाचे आयते. हिवाळ्यात तलावातले शिंगाडे, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा, लाखोळीच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी. आणि बारमाही म्हणाल तर मासे: मरळ, वाघूर, वाळवलेले झिंगे घातलेली वांग्याची भाजी. या यादीतले पदार्थ हॉटेलात शोधायला निघालो तेव्हा दोन-तीन ठिकाणी मासे मिळाले. बाकीच्यांसाठी कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून जावे लागले.

असे का झाले असावे? मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण चांगले आहे. आमच्याकडे पाहुण्याला बाहेर जेवू घालणे कमीपणाचे समजले जाई. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक किंवा दंडार. त्या दिवशी घरात वीस-पंचवीस पाहुणे असतात आणि चूल विझत नाही. जे घरी भरपूर मिळते ते पैसे देऊन कोण खाणार?

दुसरे कारण बोचणारे आहे. यातल्या कित्येक पदार्थांवर ‘गरिबाचे अन्न’ असा शिक्का बसला. लाखोळीचेच उदाहरण घ्या. उभ्या धानात, जमिनीत ओल असतानाच ती फेकून पेरतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. पण ती सतत आणि मुख्य अन्न म्हणून महिनोन्‌महिने खाल्ली तर पाय अधू होतात, असे दिसून आले आणि १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. नागपूरच्या शांतिलाल कोठारी यांनी ती उठावी म्हणून अनेक वर्षे लढा दिला, उपोषणे केली. दुष्काळात दुसरे काहीच नसताना खाणे वेगळे आणि भाताबरोबर वाटीभर खाणे वेगळे, हे हळूहळू मान्य होत गेले. पण दरम्यान दोन पिढ्या ‘आम्ही लाखोळी खातो’ हे चारचौघांत सांगायला लाजू लागल्या होत्या. कायदा बदलता येतो, लाज मात्र लवकर जात नाही.

तिसरे कारण पुरवठ्याचे. हॉटेलवाल्याला रोज सारखा माल लागतो. सात्या वर्षातून काही दिवसच येतात. वास्ते सगळ्यांनीच मागितले तर बांबूचे बन कसे उरणार? आणि नागझिरा-नवेगावच्या राखीव जंगलातून ते आणायलाही मनाई आहे, ती योग्यच आहे. तलावांची कथा आणखी वेगळी. नवेगावबांधचा तलाव बांधणाऱ्या कोलू पाटील कोहळींचे नाव आजही घेतले जाते. कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेले असे तलाव जिल्हाभर आहेत, त्यांना आपण मामा तलाव म्हणतो. त्यांतले कित्येक गाळाने भरले, बेशरमाच्या झुडपांनी वेढले. त्यात रोहू-कटल्याचे बीज सोडले जाऊ लागले आणि पाणवनस्पतींच्या आधाराने वाढणारे देशी मासे कमी होत गेले. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे कार्यकर्ते आणि ढिवर समाजातल्या बायका तलावात पुन्हा देशी पाणवनस्पती लावत आहेत, त्या याच कारणाने. मासा परत यायचा तर आधी त्याचे घर परत यायला हवे.

कोणी म्हणेल, खाण्याच्या यादीवर एवढा विचार कशाला? तर अशासाठी, की जे मागितले जात नाही ते शिजत नाही, जे शिजत नाही ते विकत नाही आणि जे विकत नाही ते पेरले जात नाही. चिन्नोरचे उत्पन्न संकरित धानापेक्षा कमी येते. शेतकऱ्याने तो केवळ वासासाठी किती वर्षे लावावा? आणि वास्त्यांचा कडूपणा कसा काढायचा, लाखोळी किती वेळ भिजवून पाणी टाकायचे, सात्यांतली विषारी कोणती, हे ज्ञान पुस्तकात नाही. ते सत्तरीतल्या आजींच्या हातात आहे. त्यांच्या सुनांना नोकरीमुळे वेळ नाही आणि नातींना ती भाजी ओळखूही येत नाही.

उपाय फार दूर नाही. रायपूरला २०१६ मध्ये संग्रहालयाच्या आवारात ‘गढकलेवा’ नावाचे उपाहारगृह सुरू झाले. चीला, फरा, ठेठरी, खुरमी असे अस्सल छत्तीसगढी पदार्थ तिथे बचत गटाच्या बायका करतात आणि शहरातली माणसे ते पैसे मोजून खातात. घरात ‘नको’ म्हणणारी मुले तिथे मागून घेतात. नवेगावबांधला आणि नागझिऱ्याला पर्यटक येतात. त्यांना आपण काय वाढतो? नूडल्स आणि पनीर. त्याऐवजी भात, झिंगे-वांगे आणि दोन आयते वाढणारा एखादा बचत गट तिथे उभा राहिला, तर पाहुण्यालाही गोंदियाची चव कळेल आणि त्या बायकांच्या हातीही चार पैसे येतील.

तोपर्यंत आपणही काही करू शकतो. तरोट्याला जंगलात जावे लागत नाही, तो रस्त्याच्या कडेला उगवतो. पोपटाचा वेल धुऱ्यावर चढतो. नेहमीच्या भोजनालयाच्या मालकाला एवढेच सांगायचे, ‘दादा, आठवड्यातून एक दिवस इथली भाजी करा, आम्ही येऊ.’ आणि बोललात तर नक्की जा. तर्री-पोह्यांना यादीतून काढायचे कारण नाही. त्यांच्या खाली दोन ओळी वाढवायच्या आहेत, आणि त्या आपल्या अक्षरात असाव्यात.