पेला की लिटर?
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

परीक्षा संपली म्हणून आईवडिलांनी हाताला धरून इथे आणून बसवलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

२०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या अभ्यासक्रमातून एक प्रकरण गळलं. 'पचन आणि शोषण'. एनसीईआरटीने भार हलका करताना अकरावीच्या पुस्तकातून ते आधीच काढलं होतं, मग परीक्षेतूनही गेलं. श्वसन राहिलं, रक्ताभिसरण राहिलं, मूत्रपिंड राहिलं. खाल्लेल्या अन्नाचं पुढे काय होतं, तेवढं गेलं. आपल्या बोर्डाच्या पुस्तकात मानवी पोषणाचं प्रकरण आहे, पण 'नीट'ला नाही म्हटल्यावर ते वाचतो कोण? मला हा निर्णय पटलेला नाही. का पटला नाही, तेच आज सांगायचं आहे.

तुम्ही म्हणाल, पुढे कॉलेजात शिकवतातच की. शिकवतात. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्र आहे, जीवरसायन आहे. बीएस्सी नर्सिंगला पहिल्या सत्रात फिजिऑलॉजी आणि दुसऱ्या सत्रात पोषण व आहारशास्त्र. पण मुलं फिजिऑलॉजी एका वहीत लिहितात आणि आहार दुसऱ्या वहीत. पहिलीत 'लोहाचं शोषण लहान आतड्याच्या सुरुवातीला होतं', दुसरीत 'पालक, खजूर, अळीव'. या दोन वह्यांची गाठ पडते ती थेट पेशंटसमोर, आणि तोवर उशीर झालेला असतो.

जुलाबच घ्या. कॉलऱ्यात जंतूचं विष आतड्याच्या पेशींना क्षार आणि पाणी बाहेर सोडायला लावतं. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. नुसतं पाणी पाजून भागत नाही, नुसतं मीठपाणी पाजूनही नाही. पण त्याच पेशींच्या भिंतीत एक दार असं आहे, की तिथून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत येतात, आणि त्यांच्यामागे पाणी येतं. कॉलऱ्याचं विष या दाराला धक्का लावत नाही. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागच्या परिषदेत मांडली. ते साखरेच्या शोषणावर काम करत होते.

अकरा वर्षांनी, १९७१ मध्ये, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी, म्हणजे हाच कॉलरा, पसरली. पश्चिम बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस होते. वॉर्डात जमिनीवर रोगी आणि सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. त्यांनी लिटरभर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असं मिश्रण करून घेतलं आणि ते पाजायचं काम नातेवाइकांच्या हाती दिलं. छावणीतलं मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं, ते चारच्या खाली आलं. औषध म्हणावं असं त्यात काही नव्हतं. आतड्याची एक क्रिया माहीत होती आणि स्वयंपाकघरातल्या जिनसा होत्या.

इथे बहुतेक व्याख्यानं टाळ्या घेऊन संपतात. मला पुढचं सांगायचं आहे. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या मिश्रणाचं, म्हणजे ओआरएसचं, सूत्र बदललं. ग्लुकोज लिटरला २० ग्रॅमवर आलं होतं, ते साडेतेरा केलं. मीठ साडेतीनवरून २.६ ग्रॅम. कारण आतड्यात साखर प्रमाणाबाहेर झाली, की ती उलट शरीरातलं पाणी ओढून घेते. आता आपल्याकडे ओआरएसची पुडी दोन मापांत मिळते, लिटरची आणि २०० मिलिलिटरची. लिटरची पुडी घरातल्या पेल्यात कालवली, की द्रावण पाचपट तीव्र झालं. बाळाचे जुलाब वाढतात, रक्तातलं सोडियम चढतं, झटके येऊ शकतात. आई मात्र शपथेवर सांगते, की ओआरएस देतेय. खोटं बोलत नसते ती. म्हणून 'ओआरएस सुरू आहे ना?' हा प्रश्न बिनकामाचा. 'कशात कालवलंत? ते भांडं दाखवा बरं,' असं म्हणणारी नर्स मला हवी आहे. तिला हा प्रश्न सुचतो, कारण ते दार तिला माहीत आहे. (अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या सूत्रात न बसणाऱ्या गोड पेयांना नावात 'ओआरएस' लावायची मनाई केली, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. फार उशिरा केली, एवढंच म्हणतो.)

दुसरं उदाहरण तुमच्या घरातलंच असेल. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, बहुतेक वेळा एकाच पिशवीत. विसरायला नको म्हणून ती दोन्ही एकदम घेते, तीही सकाळच्या चहाबरोबर. कॅल्शियम लोहाच्या शोषणात आड येतं, चहातली तुरट द्रव्यं उरलेलं लोह बांधून ठेवतात. गोळ्या पोटात गेल्या, रजिस्टरवर टिकमार्क झाला, हिमोग्लोबिन तिथल्या तिथे. दोन गोळ्यांत दोन-तीन तासांचं अंतर, लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहा नंतर, आणि शौचाला काळं होईल, घाबरू नका, हे आधीच सांगणं. एवढ्याला खर्च काही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. याची कारणं पुष्कळ आहेत, पण गोळी कशाबरोबर घेता हे विचारायला आपलं काय जातं?

आता जरा अवघड गोष्ट. अतितीव्र कुपोषित मूल. मेळघाटातलं असेल, नंदुरबारचं असेल. दंडाला पट्टी लावली आणि घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे लाल रंगात आला. मूल पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल होतं आणि त्याला पातळसर दूध मिळतं, १०० मिलिलिटरला ७५ किलोकॅलरी, तेही दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. सोबत आलेली आजी भडकते. 'उपाशी लेकराला पाणचट दूध पाजताय? पोटभर घाला की!' आजीचं चुकत नाही. कुणालाही तेच वाटेल.

पण उपाशी शरीराने आपला सगळा कारभार आवरता घेतलेला असतो. ते चरबी जाळून जगत असतं, पेशींतला फॉस्फेट आणि पोटॅशियमचा साठा रोडावलेला असतो. अशा वेळी एकदम पोटभर पिष्टमय अन्न गेलं, की इन्सुलिन उसळतं आणि रक्तात उरलंसुरलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत खेचून नेतं. रक्तात त्यांचा खडखडाट होतो, हृदयाची लय बिघडते. उपाशी मूल जेवल्यावर दगावू शकतं. लोहसुद्धा पहिल्या आठवड्यात देत नाहीत. मूल सावरलं, त्याला भूक लागू लागली, वजन चढू लागलं, की मग १०० किलोकॅलरीचं दूध आणि मग लोह. पोषणाचा तक्ता पाठ असलेला माणूस इथे आजीचंच ऐकेल. फिजिऑलॉजी शिकलेला थांबेल आणि आजीला समजावूही शकेल. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा कठीण आहे, आणि कुठल्याच परीक्षेत ते विचारत नाहीत.

वजनकाट्यावर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी पुण्यातली एक गोष्ट. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन यूडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. कोष्टकाप्रमाणे दोघेही ठणठणीत. शरीरातली चरबी मोजली तर यूडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या गावांत याज्ञिकांच्या गटाला नवजात बाळांतही हेच दिसलं होतं. वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडच्या बाळांपेक्षा सुमारे पाऊण किलोने कमी. स्नायू कमी, पण चरबी मात्र राखलेली. बारीक दिसणाऱ्या माणसाला मधुमेह कसा, याचा एक धागा तिथे लागतो. आहारतज्ज्ञ व्हायचं म्हणणाऱ्या मुलामुलींनी तरी 'वजन नॉर्मल आहे' या वाक्यावर थांबू नये.

आणि हे सगळं करायला डॉक्टरच व्हायला हवं असंही नाही. नर्सिंग आहे, फिजिओथेरपी आहे, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहेत, उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. २०२१ च्या कायद्याने पोषणतज्ज्ञांनाही आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत जागा दिली आहे. या सगळ्या वाटांची चौकशी पालकांनी समुपदेशकांकडे करावी, मी त्यातला नाही.

मी सांगेन ते सुट्टीत करायचं काम. बोर्डाच्या पुस्तकातलं ते मानवी पोषणाचं प्रकरण वाचा. वाचताना प्रत्येक पानावर घरातल्या एकेका माणसाचं ताट लिहा: भाकरी-पिठल्यातलं प्रथिन कुठे फुटतं, आजोबांची ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालली तर त्यांच्या बी-१२ चं काय होतं. आणि महिन्यात एकदा अंगणवाडीत मुलांची वजनं होतात, तिथे जाऊन बसा. काटा शून्यावर आणणं, रडणाऱ्या मुलाचं वजन घेणं, आईला ते सांगणं, हे पुस्तकात नाही. मात्र तिथल्या ताईंना आदल्या दिवशी विचारून ठेवा. वजनाच्या दिवशी त्यांना मान वर करायलाही सवड नसते.