शेवटचे धडधाकट कधी दिसले?

देवरी-सालेकशाकडे कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला, तर ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणत मालिश करत बसू नका. १०८ लावा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे बघून. मोठी नस तुंबली असेल तर जांघेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढतात. निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत. पण नस मोकळी झाली तरी पुढच्या केशवाहिन्यांत रक्त पोचेलच असं नाही, म्हणून नंतरही बीपीवर डोळा ठेवतात. गोंदियाहून नागपूर रेल्वेनं सुमारे १३० किलोमीटर, त्यात वेळ किती जातो ते तुम्हीच जाणता! डॉक्टर विचारतील, ‘शेवटचे धडधाकट कधी दिसले?’ झोपेतून उठल्यावरच कळलं असेल, तर रात्री झोपायची वेळ सांगा.